पंधरा तासांचे शिक्षण

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरे पारितोषिक मिळाले. विषय होता 'श्रमप्रतिष्ठा'. घाम गाळणाऱ्या हातांचे मी भरभरून गुणगान केले, टाळ्याही मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर वर्गातल्या एका मित्राने सहज विचारले, "तुझा मोठा भाऊ काय करतो रे?" मी क्षणभर अडखळलो आणि म्हणालो, "ट्रान्सपोर्टमध्ये आहे."

खरे तर माझा दादा ट्रक चालवतो. स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा. तो चालवतो म्हणून माझी फी भरली जाते. हे सगळे ठाऊक असूनही श्रमप्रतिष्ठेचे पारितोषिक हातात असताना मला 'ड्रायव्हर' हा शब्द उच्चारता आला नाही. ती लाज आजही मनात सलते आहे. हा लेख त्या लाजेचे प्रायश्चित्त आहे असे समजा.

आपण पांढरपेशे होऊ पाहणारी मुले. ट्रक ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते सिनेमातून आलेले असते. ढाब्यावरची खाट, दारूची बाटली, मोठमोठ्याने वाजणारी गाणी आणि मागे रंगवलेले 'हॉर्न ओके प्लीज'. (ही अक्षरे रंगवायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी घालण्यात आली, पण चित्र काही पुसले गेले नाही.) ज्या कागदावर हे वार्षिक छापले जाते तो कागद, वसतिगृहाच्या कोठीतला गहू, ग्रंथालयाच्या नव्या इमारतीची वाळू, सिमेंट आणि सळया हे सारे कोणीतरी रात्र जागून आपल्यापर्यंत आणलेले असते. त्या 'कोणीतरी'चा चेहरा आपण पाहत नाही. अपघात झाला की मात्र पाहतो.

मला इथे सर्वच ड्रायव्हरांविषयी लिहायचे नाही. ज्याने नुकतेच स्टिअरिंग हातात घेतले आहे, त्या नवशिक्या ड्रायव्हरविषयी लिहायचे आहे. कारण दादाची पहिली दोन वर्षे मी जवळून पाहिली. माझे मत असे बनले आहे, की या धंद्यात येणाऱ्या तरुणाला आपण शिकवत नाही, नुसते ढकलून देतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना मिळतो. तो किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय आणि वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय माणसाला मोठा ट्रक चालवता येत नाही. पूर्वी आठवी पास असण्याचीही अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. गरीब घरातल्या मुलांना रोजगार मिळावा हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच आहे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक अभ्यासक्रमही आहे. जड वाहनासाठी किमान तीस दिवसांचे शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना आली. तिच्यात सहा आठवड्यांत अडतीस तास आहेत. पण असे केंद्र आमच्या तालुक्याजवळ नव्हते. दादा शिकला तो बाजारपेठेतल्या साध्या स्कूलमध्ये.

पंधरा तास! आपल्याला मराठीच्या एका पेपरासाठी याहून कितीतरी अधिक तास सर शिकवतात आणि तरीही आपण गाईड घेतो. शिवाय दादाचे ते पंधरा तासही पुरते झाले नाहीत. एका ट्रकवर सहा मुले. ट्रक रिकामा, रस्ता सपाट, वेळ सकाळची. रिव्हर्स घेणे, गिअर बदलणे आणि मैदानात आठचा आकडा काढणे एवढ्यावर परीक्षा झाली आणि हेवी लायसन हातात आले. भरलेला ट्रक कसा वागतो, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर काय करायचे, पावसात घाट कसा उतरायचा, यातले काहीही त्याला कोणी शिकवले नव्हते.

मग नोकरीचा शोध सुरू झाला. प्रत्येक शेठचा पहिला प्रश्न एकच, "किती वर्षं चालवलीय?" चालवल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय कोणी चालवायला देत नाही. आपल्यातले पदवीधर ज्या चक्रात फिरतात त्याच चक्रात तोही चार महिने फिरला. फरक इतकाच की बेकार पदवीधरावर अग्रलेख लिहिले जातात.

या ठिकाणी जुन्या पद्धतीची आठवण काढली पाहिजे. पूर्वी ड्रायव्हर होण्याची वाट क्लीनरच्या सीटवरून जात असे. आमच्याकडे क्लीनरला 'किन्नर' म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा ट्रकवर जायचा. काच पुसायची, चाकाला उटी लावायची, ताडपत्री बांधायची, स्टेपनी उतरवायची, रात्री उस्तादाला झोप लागू नये म्हणून बोलत राहायचे. दोन-चार वर्षांनी उस्ताद रिकाम्या रस्त्यावर गाडी हातात द्यायचा. आमच्या गावात असे शिकलेले एक वयस्क काका आहेत. त्यांनी उस्तादाचा मारही खाल्लेला आहे. ते म्हणतात, "पगार नव्हता, पण रस्ता पाठ झाला."

मी या पद्धतीचे गोडवे गाणार नाही. तिच्यात बालमजुरी होती, शिव्या होत्या, फुकटची राबणूक होती. ती गेली हे बरेच झाले म्हणायचे. पण ती जाताना तिच्याबरोबर शिक्षणही गेले. भाडे परवडत नाही म्हणून अनेक मालकांनी क्लीनरचा खर्चच काढून टाकला. आज कित्येक ट्रकांत ड्रायव्हर एकटा असतो. जुनी शाळा मोडली आणि नवी उभी राहिली नाही. या दोहोंच्या मधल्या पोकळीत माझा दादा आणि त्याच्यासारखी असंख्य मुले उभी आहेत.

आता त्या रात्रीविषयी सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टाने दादाबरोबर गेलो होतो. लासलगावला कांदा भरला, वाशीच्या मार्केटला पोचवायचा होता. दहाचाकी गाडी, आत सतरा टन माल. दादाला एकट्याने गाडी चालवू लागून जेमतेम चार महिने झाले होते. नाशिक सोडले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. इगतपुरीच्या पुढे कसाऱ्याचा घाट लागला आणि दादा एकदम बोलायचा थांबला.

घाटात त्याने गाडी न्यूट्रल केली. गाडी आपोआप धावू लागली. मला मौज वाटली. दोन-तीन वळणांनंतर दादा ब्रेक दाबू लागला, मग पुन्हा पुन्हा दाबू लागला. केबिनमध्ये जळकट वास आला. दादाच्या कपाळावर घाम होता. त्याने कसाबसा वेग कमी करत गाडी खालच्या गिअरमध्ये घातली. गाडीने मोठा आवाज केला, हिसका बसला आणि ती आवरली. पुढच्या रुंद जागेत त्याने गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर डोके टेकून बसला. मी काही विचारले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "घरी सांगू नकोस."

पुढे मी त्या वयस्क काकांना यामागचे कारण विचारले. त्यांनी एका वाक्यात सांगितले, "ज्या गिअरात घाट चढतोस त्याच गिअरात उतर." उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. कोणी इंजिनही बंद केले तर आणखी वाईट, कारण एअर ब्रेकसाठी लागणारी हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. टाकीतली हवा संपली की संपली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये होता असे तेव्हा प्राथमिक तपासातून पुढे आले होते.

ते वाचून आपण म्हणतो, "काय बेफिकीर लोक!" मीही म्हटले असते. पण दादा न्यूट्रल का करत होता? कारण शेठ डिझेल मोजून देत असे. अमुक किलोमीटरला अमुक लिटर हा हिशेब ठरलेला होता. त्याहून अधिक लागले तर फरक दादाच्या पगारातून कापला जात असे. गाडी जुनी असो, रस्ता खराब असो की ठाण्याच्या बाजूला दोन तास गर्दीत अडको, हिशेब तोच. नव्या ड्रायव्हरला घाटात वाचलेले दोन लिटर दिसत होते, तापलेला ब्रेक दिसत नव्हता. तो दिसावा असे शिक्षण त्याला मिळाले नव्हते. बेफिकिरी म्हणून आपण जिला नावे ठेवतो, तिच्यामागे पुष्कळदा असा एखादा हिशेब असतो.

पगाराचेही तसेच. दादाला महिन्याला अठरा हजार आणि ट्रिपमागे भत्ता असे ठरले होते. सुरुवातीलाच आईच्या औषधासाठी त्याने उचल घेतली. ती फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही. माल कमी भरला, तूट ड्रायव्हरची. रात्री कोणी ताडपत्री फाडून पोते काढले, नुकसान ड्रायव्हरचे. टायर फुटला तर "तूच दगडावर घातलास." वाशीला पहाटे पोचलो, माल उतरायला दुपार झाली. मग परतीच्या भाड्यासाठी कळंबोलीला दोन दिवस थांबलो. त्या दोन दिवसांत जेवण, आंघोळ, एवढेच काय शौचालय यांचाही खर्च दादाच्या खिशातून. चाक फिरले तर भत्ता, थांबले तर नाही. म्हणून चाक थांबू नये यासाठी ड्रायव्हर झोप मारतो.

कामाच्या तासांचा कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असेही त्यात होते. आता त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पण जुना कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. आमच्या शेठचा ट्रक एकच आणि ड्रायव्हरही एकच. आपल्या देशातली पुष्कळशी मालवाहतूक अशाच एक-दोन ट्रकांच्या मालकांकडे आहे. ट्रकचे हप्ते, टोल, विमा आणि टायर यांच्या ओझ्याखाली तो मालकही दबलेला असतो. आमचे शेठ स्वभावाने वाईट नाहीत. आई आजारी पडली तेव्हा उचल त्यांनीच दिली. पण आपल्यावरचे ओझे ते खाली सरकवतात आणि सर्वांत खाली नवशिका ड्रायव्हर असतो.

मर्यादेपेक्षा जास्त माल भरण्याचेही असेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये इतका दंड आहे. जुना ड्रायव्हर "इतका भरणार नाही" असे सांगू शकतो, कारण त्याला उद्या दुसरी गाडी मिळते. नवा काय सांगणार? तो मान खाली घालून गाडी काढतो. नाक्यावर पकडला गेला की तोच "साहेब, साहेब" करतो.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळतो. १ जानेवारी २०२४ च्या सुमारास ट्रकचालकांनी संप केला होता, तो आपल्याला आठवत असेल. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या. नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघातात माणूस मरण पावला आणि चालक पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण ते विशिष्ट कलम त्या वेळी लागू करण्यात आले नाही. आपल्या वर्गात तेव्हा चर्चा झाली होती आणि बहुतेकांचे मत होते, "पळून जाणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे."

त्या मताशी मी भांडणार नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतल्या प्रत्येकाचे घर आहे. रस्त्यावर तडफडणाऱ्या माणसाला टाकून जाणे हा गुन्हाच आहे. पण दादा म्हणतो, "थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो." ही नुसती सबब नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात जखमीला मदत करण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे आणि त्याच कलमात जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर अपवादही ठेवला आहे. म्हणजे जमाव मारतो हे खुद्द कायद्याला ठाऊक आहे! तो जमाव कोणाचा असतो? तुमचा-माझाच असतो. चूक कोणाची हे पाहण्याआधी मोठ्या गाडीवाल्याची कॉलर धरणारे हात आपलेच असतात. शिक्षा कडक व्हावी असे म्हणणाऱ्याने प्रथम हे हात आवरायला हवेत. आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन ताबडतोब वर्दी दिली तर तो 'पळून गेला' असे होत नाही, ही साधी गोष्ट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दादाला कोणीही सांगितली नव्हती.

कोणी म्हणेल, "भावाची बाजू घेतोस. ड्रायव्हर दारू पीत नाहीत का? लेन मोडत नाहीत का?" पितात, मोडतातही. त्यांना शिक्षा व्हावी. माझ्या दादानेही त्या रात्री आम्हा दोघांचा आणि घाटातल्या इतरांचा जीव धोक्यात घातला होता, हे मी लपवलेले नाही. माझे म्हणणे इतकेच, की शिक्षा हा शिक्षणाला पर्याय होऊ शकत नाही. डॉक्टर होणाऱ्याला आपण एकदम शस्त्रक्रिया करायला लावत नाही. वकील होणारा प्रथम ज्येष्ठांच्या हाताखाली उमेदवारी करतो. मग सतरा टनांचे ओझे घेऊन रात्री घाट उतरणाऱ्यालाच उमेदवारी का नसावी?

माझी सूचना साधी आहे. नव्या परवानाधारकाला पहिले सहा महिने जाणत्या ड्रायव्हरशेजारी, पगारी दुसरा ड्रायव्हर म्हणून बसवावे. भरलेली गाडी, रात्र, पाऊस आणि घाट या चारही गोष्टी त्याने जाणत्याच्या देखरेखीखाली केल्याची नोंद व्हावी. त्याचा खर्च एकट्या छोट्या मालकावर पडू नये. शासनाने आणि विमा कंपन्यांनी त्यात वाटा उचलावा, कारण टळलेल्या अपघाताचा फायदा त्यांनाही आहे. आणि डिझेलचा फरक पगारातून कापणे बंद व्हावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चांगली गोष्ट आहे. केबिन थंड झाली, आता तिच्यात बसणाऱ्याच्या डोक्याचाही विचार व्हावा.

आणि आपण? कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी काय करायचे, असा प्रश्न पडेल. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात रस्ता झाडते. एक वर्ष बाजार समितीच्या आवारात ट्रकवाल्यांसाठी नेत्रतपासणी शिबिर घेऊ. विमा, चलन आणि अपघातानंतरची कर्तव्ये यांची साध्या मराठीत चार पानी पुस्तिका काढू. मराठी विभागाने भाषा पाहावी, राज्यशास्त्र विभागाने कायदा पाहावा. प्राध्यापकांना माझी ही नम्र विनंती आहे. मोर्चा काढण्याइतके हे कठीण नाही आणि भाषण करण्याइतके सोपेही नाही.

शेवटी घरचीच एक गोष्ट. यंदा दादासाठी स्थळे पाहणे चालू आहे. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी पत्रिका, शेती, घर सारे पसंत केले आणि शेवटी विचारले, "मुलगा काय करतो?" आईने माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मी, म्हणून बोलायचे मी. "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" हे शब्द अगदी जिभेवर होते. मी म्हणालो, "ट्रक चालवतो. लासलगाव ते वाशी." ते गृहस्थ चहा पिऊन गेले आणि त्यांचा निरोप आला नाही. दादा मला काहीच बोलला नाही. रात्री गाडीवर निघताना मात्र खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं केलंस." आणि जाताना सांगून गेला की आता तो घाट दुसऱ्या गिअरात उतरतो.